किंग हेन्रीज रोडवरचं घर

लंडनमध्ये प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोड नावाचा रस्ता आहे. तिथल्या दहा नंबरच्या चार मजली घरात १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर भाड्याने राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने साधारण ३१ लाख पौंड मोजून ते घर विकत घेतलं आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते तिथल्या स्मारकाचं उद्घाटन झालं. तेव्हापासून एप्रिल आला, डिसेंबर आला की आपल्याकडे एक वाद नेमाने वर येतो. एक बाजू म्हणते, परदेशातल्या श्रीमंत वस्तीतल्या घरावर एवढा पैसा कशाला, तेवढ्यात किती मुलांच्या शिष्यवृत्त्या झाल्या असत्या. दुसरी बाजू म्हणते, हे आमचं श्रद्धास्थान आहे, इथे हिशेब मागायचा नाही. हा वाद मी इतकी वर्षं ऐकतो आहे, पण त्यात त्या घराबद्दल एक वाक्य कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. ते कुणी बांधलं, कुणासाठी बांधलं, त्याचे जिने कुठून कुठे जातात, आणि मुळात अशा घरात महूच्या लष्करी छावणीत जन्मलेल्या, सुभेदाराच्या मुलाला खोली कशी मिळाली?

माझं मत आधीच सांगतो. घर घेतलं हे बरोबर झालं आणि ते राखलंच पाहिजे. पण ते राखायचं कारण ‘इथे एक थोर पुरुष राहून गेला’ एवढंच असेल, तर भिंतीवरची पाटी पुरेशी होती, आणि तशी पाटी शासनाने घर घेण्याच्या पुष्कळ आधीपासून तिथे आहे. ते घर घर म्हणून राखायला हवं, कारण बाबासाहेबांच्या आयुष्यात घर ही मागची रंगवलेली पडदी नाही. घर हाच प्रश्न आहे.

१९१७ साल आठवा. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला बाबासाहेब लंडनहून परत आले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, लंडनमध्ये पुढचा अभ्यास सुरू केलेला माणूस, आणि बडोद्यात त्याला डोकं टेकायला जागा नाही. शेवटी एका पारशी धर्मशाळेत दीड रुपया रोजाने खोली मिळाली, तीही वहीत पारशी नाव लिहून. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत खोली खाली करायला सांगून गेले. एका हिंदू स्नेह्याकडे विचारलं, एका ख्रिस्ती स्नेह्याकडे विचारलं, दोघांनीही सबब सांगितली. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. (हेही विसरू नये की पुढे लंडनला परत जायला ज्या नवल भथेना यांनी त्यांना कर्ज दिलं, तेही पारशीच होते. काठी घेऊन आलेले आणि पैसे घेऊन आलेले, दोघांची नोंद राहायला हवी.) बडोद्यातही भाडं घेतलंच होतं, म्हणजे अडचण पैशाची नव्हती. अडचण नावाची होती. चार वर्षांनी किंग हेन्रीज रोडवर तोच माणूस आपल्या खऱ्या नावाने राहत होता. त्या घराचं मोल इथून मोजायला सुरुवात करावी लागते.

आता ते घर. किंग हेन्रीज रोड ज्या जमिनीवर आहे, तिचं नाव चॅलकॉट्स. मध्ययुगात ती सेंट जेम्स इथल्या कुष्ठरोग्यांच्या इस्पितळाच्या मालकीची होती. पंधराव्या शतकात राजा सहावा हेन्री याने ती आपणच स्थापन केलेल्या ईटन कॉलेजला दिली आणि रस्त्याला नाव पडलं ते त्याच राजाचं. गावाबाहेर टाकलेल्या रोग्यांच्या पोटासाठी राखलेली जमीन उमरावांच्या मुलांच्या शाळेकडे गेली, शाळेने ती एकोणिसाव्या शतकात बिल्डरांना भाडेपट्ट्याने दिली आणि तिच्यावर मध्यमवर्गाची घरं उभी राहिली. मधल्या काळात आगगाडी आली. लंडनमधला पहिला रेल्वे बोगदा, १८३७ चा, याच टेकडीखालून जातो, आणि आपल्या जमिनीची किंमत घसरू नये म्हणून ईटन कॉलेजने त्याचं तोंड देखण्या दगडकामात बांधून घेतलं होतं. काचेवरचा कर १८४५ मध्ये गेला, विटेवरचा १८५० मध्ये, खिडक्यांवरचा १८५१ मध्ये. त्यानंतर लंडनभर जी घरं झाली त्यांची पुढची बाजू मोठमोठ्या काचांनी उजळली. व्हिक्टोरियाच्या राज्यातलं ‘कौटुंबिक घर’ म्हणून जे आपण चित्रांत पाहतो ते असं कर, भाडेपट्टा आणि रेल्वे यांतून घडलं. ते बांधताना त्यात कोण राहणार हे बिल्डरला ठाऊक नसे. पण कुठल्या तऱ्हेचं कुटुंब राहील, हे मात्र तो पक्कं धरून चाले.

आणि ते कुटुंब एकटं राहत नसे. अशा घराची उभी मांडणी बघा. तळघरात स्वयंपाकघर, त्याला रस्त्याकडून उतरणारा वेगळा जिना. फुटपाथवर लोखंडी झाकण, त्यातून कोळसा थेट खालच्या कोठीत. चार पायऱ्या चढून पुढचं दार, ते फक्त घरच्यांचं आणि पाहुण्यांचं. तळमजल्यावर जेवणघर, पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, त्याच्या वर मालक-मालकिणीच्या खोल्या आणि सगळ्यात वर, छताखाली, मोलकरणी. कोळशाच्या बादल्या तळघरातून चौथ्या मजल्यापर्यंत वाहायच्या आणि राख खाली आणायची, हे काम बहुतेक घरांत पंधरा-वीस वर्षांच्या मुलींचं. १८९१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये घरकामावर असलेल्या बायकांची संख्या तेरा लाखांहून अधिक होती. रॉबर्ट केर या वास्तुतज्ज्ञाने १८६४ मध्ये सभ्य माणसाचं घर कसं असावं यावर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने नियमच सांगितला आहे की कुटुंब हा एक समाज आणि नोकरवर्ग हा दुसरा, आणि दोघांनाही एकमेकांवर दार लावून घेण्याचा हक्क आहे. एका छपराखाली राहणाऱ्या माणसांनी एकमेकांना दिसू नये म्हणून जिने, दारं आणि बोळ यांची अख्खी विद्या या घरांत खर्ची पडली आहे. मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटलं तर नवल नाही. तरी घाई नको. त्या मोलकरणीने शिजवलेलं अन्न मालक खात होता, तिने भरलेलं पाणी पीत होता, आणि तिचा मुलगा कारकून झाला तर त्याला पुढचं दार उघडत होतं. वर्ग आणि जात यांच्यातला फरक त्या जिन्यावर उभं राहून जितका स्वच्छ दिसेल, तितका दहा व्याख्यानांतूनही दिसणार नाही.

पहिल्या महायुद्धाने ही घडी विस्कटली. मोलकरणी कारखान्यांत आणि कचेऱ्यांत गेल्या त्या पुष्कळशा परत आल्या नाहीत. चार मजल्यांची घरं एका कुटुंबाला पेलेनात आणि लंडनभर अशा घरांच्या खोल्या एकेक करून भाड्याने जाऊ लागल्या. परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांना जी दारं उघडली, ती घरमालकांच्या उदारपणाने उघडली असं मानायचं कारण नाही. घराचा जुना बेत मोडला आणि मोडलेल्या बेतात भाडेकरूला जागा झाली. १९२० च्या जुलैमध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजातल्या पगाराची शिल्लक, शाहू महाराजांनी दिलेले दीड हजार आणि भथेनांचं कर्ज, एवढ्यावर. त्यांच्या चरित्रांत त्या दिवसांचं वर्णन आहे. सकाळी पावाचा तुकडा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात, रात्री दहाच्या सुमाराला भूक अनावर झाली की एका पत्र्यावर पापड भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे. मग पुन्हा पहाटेपर्यंत वाचन. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी डी.एस्सी.

त्याच वेळी परळच्या बी.आय.टी. चाळीत रमाबाई, यशवंत, जाऊबाई लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद दिवस काढत होते. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत जी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाली, १८९८ मध्ये, तिने बांधलेल्या या चाळी. म्हणजे त्याही व्हिक्टोरियाच्याच राज्यातल्या कल्पनेतून आलेल्या. राजधानीत कुटुंबासाठी चार मजले आणि वसाहतीत कुटुंबासाठी एक खोली, या दोन्हींचा हिशेब एकाच साम्राज्याच्या खात्यात होता. एकाच कुटुंबाचा अर्धा भाग एका घरात होता आणि अर्धा दुसऱ्यात. लंडनच्या स्मारकात हे दिसलं नाही, तर तिथे बाबासाहेबही अर्धेच दिसणार.

आता विरोधातले मुद्दे घेऊ, आणि ते त्यांच्या पूर्ण वजनाने घेऊ. पहिला पैशाचा. तो उथळ नाही. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ कॉलेज काढणाऱ्या माणसाच्या नावाने खर्च करायचा, तर तो आधी शिक्षणावर व्हावा, हे म्हणणं मला मान्यच आहे. वसतिगृहात जागा नाही म्हणून कॉलेज सोडणारी मुलं आजही आहेत आणि शिष्यवृत्तीचे हप्ते वर्ष संपल्यावर हातात पडतात, हे ज्याच्या घरात घडतं त्याला लंडनमधल्या घराची किंमत टोचणारच. पण मग हा प्रश्न फक्त याच घरापुरता का विचारला जातो? दादरला इंदू मिलच्या जागेवर साडेतीनशे फुटांचा पुतळा उभा राहतो आहे, त्याचा अंदाजित खर्च हजार कोटींच्या वर गेला आहे. लंडनच्या घराची किंमत त्याच्या पाच टक्केही भरत नाही. पुतळ्याची उंची वाढवा म्हणणाऱ्यांनी आणि त्यावर गप्प बसणाऱ्यांनी घराचा हिशेब काढावा, हे न्यायाचं नाही. शिवाय शिष्यवृत्ती आणि घर यांना एकमेकांसमोर उभं करणं हेच मुळात चुकीचं आहे. शिष्यवृत्ती हातात असूनही राहायला खोली मिळत नाही, हीच तर १९१७ ची गोष्ट आहे. आजही आडनाव विचारून खोली नाकारली गेलेला विद्यार्थी पुण्यात शोधायला फार लांब जावं लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. बाबासाहेब तिथे वर्ष-दोन वर्षं राहिले, तेही भाडेकरू म्हणून. त्यानंतर शतकभर ते घर दुसऱ्यांचं होतं. मग तिथे खरं उरलंय काय? पलंगाशेजारी ठेवलेला चष्मा, टेबलावर पसरलेली कागदपत्रं, भिंतींवरच्या तसबिरी, हे सगळं मांडलेलंच ना? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि तो नीट समजून घ्यायला लंडनमधलंच दुसरं एक घर उपयोगी पडतं.

केन्सिंग्टनमध्ये १८ स्टॅफर्ड टेरेस हे घर आहे. १८७५ मध्ये ‘पंच’ साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार लिनली सॅम्बोर्न आणि त्याची पत्नी मॅरियन तिथे राहायला आले. फार श्रीमंत नव्हते, हौशी होते. विल्यम मॉरिसचे भिंतीचे कागद, निळ्या-पांढऱ्या चिनी मातीची भांडी, खुर्च्यांवर खुर्च्या. पुढे दिवाणखान्यात चामड्यासारखा दिसणारा उठावदार सोनेरी कागद लावायची हौस झाली, पण तो महाग. तेव्हा चित्रांच्या चौकटींच्या मागे कागद लावलाच नाही, जेवढी भिंत दिसते तेवढीच झाकली. घरात संगमरवरी टब होता, त्यात सॅम्बोर्न आपले फोटो धूत असे. चित्रांसाठी तो घरच्या माणसांना, नोकरांना, मोतद्दाराला वेशभूषा करून उभं करी आणि फोटो काढी. रस्त्याने जाणाऱ्या तरुण मुलींचे त्यांच्या नकळत काढलेले फोटोही त्याच्या संग्रहात सापडले. मॅरियन रोजनिशी लिहीत असे, तिच्यात पाहुणे, खर्च, दुखणी, नोकरांच्या कटकटी. मुलगा रॉय याने लग्न केलं नाही आणि १९४६ मध्ये वारला तोवर घरात जवळपास काही बदललं नाही. त्या काळी ‘व्हिक्टोरियन’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. त्याच दिवसांत नातीने, अ‍ॅन मेसेलने, ते सगळं जसंच्या तसं सांभाळलं आणि ५ नोव्हेंबर १९५७ रोजी याच दिवाणखान्यात, त्या काळच्या वास्तू वाचवण्यासाठी झटणाऱ्या व्हिक्टोरियन सोसायटीची मुहूर्तमेढ रोवली गेली. चारच वर्षांनी लंडनच्या यूस्टन स्थानकाची भव्य कमान पाडायला सुरुवात झाली, ती या मंडळींना वाचवता आली नाही. पण घर वाचलं. १९८० मध्ये ते सार्वजनिक मालकीत आलं.

या घराकडे मी पुन्हा पुन्हा वळतो त्याला कारण आहे. आफ्रिकेच्या नकाशावर एक पाय कैरोत आणि एक पाय केपमध्ये ठेवून, हातात तारायंत्राची वायर ताणून उभा असलेला ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्स आपल्यापैकी अनेकांनी शाळा-कॉलेजच्या इतिहासाच्या पुस्तकात पाहिलेला असतो. ते चित्र सॅम्बोर्नचं, १० डिसेंबर १८९२ च्या ‘पंच’मधलं. साम्राज्याचं ते जगप्रसिद्ध चित्र काढणाऱ्या माणसाचं घर आज आत जाऊन पाहता येतं. चित्रामागे कागद न लावलेली भिंत, वरच्या मजल्यावर कोळसा वाहून नेणाऱ्या मोलकरणी आणि दाराबाहेरच्या मुलींकडे रोखलेला कॅमेरा, हे सगळं त्या एका घरात आहे. हे घर त्या काळाची स्तुती करत नाही, ते त्या काळाची साक्ष काढतं, आणि ती साक्ष मालकाच्या विरुद्धही जाते. घर अखंड राखल्याचा फायदा हाच. निवडक वस्तू ठेवल्या असत्या, तर एक गुणी चित्रकार तेवढा उरला असता.

किंग हेन्रीज रोडवर वस्तू नाहीत. मग तिथे खोट्या वस्तू मांडायच्या का? माझं म्हणणं, अजिबात नाही. जे नाही ते नाही म्हणून दाखवा आणि जे आहे ते दाखवा. रस्ता आहे, टेकडीखालून जाणारा बोगदा आहे, मजले आणि खिडक्या आहेत. शिवाय कागद आहेत. इंग्लंडची १९२१ ची जनगणना १९ जूनच्या रात्रीची आहे आणि तिचे घरोघरचे तक्ते जानेवारी २०२२ मध्ये शंभर वर्षांची मुदत संपून खुले झाले. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक घरात त्या रात्री कोण झोपलं होतं, त्यांचा जन्म कुठला, काम काय, घरमालकीण कोण आणि भाडेकरू कोण, हे त्यांत घरच्या माणसाच्या हस्ताक्षरात आहे. तसा एक तक्ता भिंतीवर लावला, तर त्याला चष्म्याच्या दहा नमुन्यांपेक्षा जास्त बोलता येईल.

याच्या उलट टोकाचं उदाहरण कच्छमध्ये आहे. लंडनच्या हायगेट भागातलं ६५ क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू हे घर, म्हणजे श्यामजी कृष्ण वर्मांचं इंडिया हाऊस. सावरकर तिथे राहिले म्हणून ते मराठी माणसाला ठाऊक आहे. मांडवीला २०१० मध्ये त्याची हुबेहूब प्रतिकृती उभारली गेली. लाल विटा, उतरती छपरं, सगळं. ज्यांनी ती बांधली त्यांच्या भावनेबद्दल मला शंका नाही. पण कोळशाच्या शेगड्या आणि बर्फ घसरावा म्हणून केलेलं छप्पर यांचं कच्छच्या उन्हात काय होतं? घराची बाहेरची बाजू उचलून आणता येते, त्याचा शेजार आणता येत नाही. भारतीय पोरं एका इंग्रजी वस्तीच्या मध्यभागी, शेजारच्या पडद्याआडून रोखलेल्या नजरांसमोर बसून क्रांतीचे बेत करत होती, हे त्या घराचं नाट्य हायगेटलाच राहिलं.

तिसरा मुद्दा आंबेडकरी चळवळीतल्या मित्रांकडून येतो आणि तो मला सगळ्यांत जास्त विचारात पाडतो. या घराची अशी गोष्ट सांगितली तर लंडन म्हणजे जातमुक्त स्वर्ग असं चित्र होत नाही का? गोऱ्या घरमालकिणीने खोली दिली म्हणून इंग्रजांचे आभार मानायचे का? हा धोका खरा आहे. त्याच वर्षांत, १९२१-२२ मध्ये, इंग्लंडमधल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी करायला लॉर्ड लिटन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती. विद्यार्थ्यांचं सगळं सुरळीत असतं तर समिती कशाला लागली असती? रंग पाहून दार लावणाऱ्या घरमालकिणी लंडनमध्ये पुष्कळ होत्या. आणि ज्या साम्राज्याने हिंदुस्थानची पैशाची व्यवस्था आपल्या सोयीने चालवली, त्याचीच चिरफाड करणारे प्रबंध बाबासाहेब तिथे बसून लिहीत होते. पण यावर उपाय घराची गोष्ट न सांगणं हा नाही. ती तळघरापासून सांगणं हा आहे. बर्मिंगहॅममध्ये पाठीला पाठ लावून बांधलेल्या मजुरांच्या घरांचा शेवटचा उरलेला चौक नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये लोकांसाठी उघडला. त्यात जॉर्ज सॉन्डर्स या शिंप्याचं दुकानही आहे. ते कॅरिबियनमधल्या सेंट किट्सहून आलेले, आणि या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्याच चौकात कपडे शिवत होते. एकोणिसाव्या शतकातल्या गरिबीची घरं दाखवताना विसाव्या शतकात वसाहतीतून आलेला माणूस बाहेर काढावा लागला नाही. तो त्या घराच्याच इतिहासाचा भाग ठरला. किंग हेन्रीज रोडवर हे का होऊ नये?

आणि शेवटचा आक्षेप खुद्द बाबासाहेबांचा. १९४३ मध्ये पुण्यात, न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१ व्या जयंतीच्या भाषणात त्यांनी विभूतिपूजेवर कडक टीका केली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावलं की राजकारणात भक्ती हा अधःपतनाचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास रस्ता आहे. मग त्यांच्या नावाने तीर्थस्थळ करायचं? याला प्रामाणिक उत्तर एकच आहे. तीर्थस्थळ करू नये. देव्हाऱ्यात मूर्ती बसते, तिथे कुणी भाडं थकवत नाही आणि कुणाला रात्री भूक लागत नाही. घरात या सगळ्या गोष्टी घडतात. घर राखणं हाच भक्तीतून बाहेर पडण्याचा मार्ग आहे, कारण घरात शिरलं की माणूस मोजता येतो. खोली केवढी, जिना किती पायऱ्यांचा, वाचनालय किती मैल, जेवण काय.

आपल्याकडे याचा सगळ्यात मोठा पुरावा पुण्याच्या गंज पेठेत आहे. महात्मा फुले यांचा वाडा तसा पाहिला तर व्हिक्टोरियाच्याच राजवटीतलं एक कौटुंबिक घर. वास्तुकलेच्या पुस्तकात त्याला पान मिळणार नाही. लाकडी खांब, अंगण, साधं कौलारू छप्पर. पण १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. भारताच्या सामाजिक इतिहासातली एवढी मोठी घटना कुठल्या सभागृहात घडली नाही, एका घराच्या आवारात घडली. तो हौद काढून तिथे जोतीरावांचा कितीही भव्य पुतळा उभा केला, तर त्या वाड्यात काय उरेल? केरसाहेब लंडनमध्ये एका घराचे दोन समाज करून दारं कशी लावावीत ते शिकवत होते आणि त्यानंतर चारच वर्षांनी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई आपल्या घराचं पाणी मोकळं करत होते. हे दोन्ही एका भिंतीवर शेजारी शेजारी लावा. किंग हेन्रीज रोडवरच लावा.

कॅम्डन कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, २०१८ मध्ये त्या घराला संग्रहालयाची परवानगी नाकारली होती. राहत्या जागेची टंचाई असलेल्या शहरात एक राहतं घर कमी होतं, हे त्यांचं कारण. शेजाऱ्यांनी गर्दीची आणि आवाजाची तक्रार केली. आपल्याकडे त्यावर संताप झाला. मला स्वतःला कौन्सिलचं कारण क्षुल्लक वाटलं नाही, माणसाला राहायला जागा मिळावी यापेक्षा मोठं कारण त्या घराच्या बाबतीत दुसरं कुठलं असेल? चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी परवानगी दिली. पण एक राहतं घर आपण त्या शहराकडून घेतलं आहे, याची जाणीव ठेवून ते वापरायला हवं. वरच्या दोन खोल्या महाराष्ट्रातून शिकायला गेलेल्या, पैशाची तंगी असलेल्या मुलामुलींना वर्षभरासाठी राहायला द्याव्यात, खरंखुरं राहायला, स्वयंपाकासकट. आणि एका मजल्याच्या जमिनीवर परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या त्या खोल्यांचं माप खऱ्या आकारात आखावं, भिंती, दार, मोरी, सगळं. नांदेडहून किंवा नागपूरहून आलेली एखादी मुलगी त्या रेषांच्या आत उभी राहील, इकडेतिकडे बघेल, आणि विचारेल की रमाबाई चूल कुठे मांडत होत्या.